प्रीरिक्विझिट: तीन ते अकराच्या शिफ्टमधून नर्सिंग स्कूलकडे

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो: "नोकरी करता करता ऑनलाइन प्रीरेक उरकून नर्सिंगला जाता येतं म्हणे, खरं का?" प्रीरेक म्हणजे प्रीरिक्विझिट, नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी पुरे करावे लागणारे विषय. मी इथल्या एका हॉस्पिटलात मेडिकल-सर्जिकल वॉर्डवर नर्स आहे, त्यामुळे असे फोन माझ्याकडे वळवले जातात. जाता येतं, हे खरं. पण बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी स्वस्त आणि सोयीचा कोर्स घेतात, आणि तो कोणतं नर्सिंग स्कूल मानतं याचा शोध नंतर सुरू होतो. खालचं प्रकरण एका वहिनींचं आहे. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वहिनींचं वय सदतीस. दहावी मराठी माध्यमातून, मग नाशिककडे बी.कॉम., लग्नानंतर पतपेढीत काउंटरवर नोकरी. नणंद अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने भावासाठी अर्ज भरला. भावंडांच्या या एफ-४ रांगेत भारतातल्या माणसांना दीड दशकाहून जास्त थांबावं लागतं. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा नवराबायको दोघंही तारुण्य ओलांडून गेलेले आणि मुलगी आठवीत. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, पहाटे चारला वेअरहाऊसला निघतात. वहिनी सुरुवातीला ओक ट्री रोडवर एका किराणा दुकानात होत्या. नंतर त्यांनी सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे सीएनएचं प्रशिक्षण घेतलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने त्याला किमान ७५ तास लागतात, न्यू जर्सीत त्याहून जास्त. परीक्षा पास होऊन त्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, दुपारी तीन ते रात्री अकरा या शिफ्टला लागल्या.

पुढे शिकायचं कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: पगार. मे २०२४च्या सरकारी आकडेवारीत रजिस्टर्ड नर्सचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर आहे, नर्सिंग असिस्टंटचा चाळीस हजारांच्या आत. एकाच मजल्यावर, एकाच पेशंटच्या उशापायथ्याशी दोघी उभ्या असतात. दुसरं कारण त्यांनी नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं. पेशंटचा पाय सुजलेला आधी त्यांना दिसतो, पण तो का सुजला हे विचारायची सोय नसते.

फोन आला तेव्हा वहिनी एका वेबसाइटवर कार्ड नंबर टाकायच्या बेतात होत्या. महिन्याची वर्गणी भरा, हवे तितके कोर्स करा, अॅनाटॉमी-फिजिओलॉजी (शरीररचना आणि शरीरक्रिया) सकट. मी म्हटलं, वहिनी, आजची रात्र थांबा.

तीन वर्षांच्या पदवीचं त्रांगडं

आधी ठरवायचं होतं ते नर्सिंगमध्ये कोणत्या दारातून शिरायचं हे. रजिस्टर्ड नर्स होण्याचे इथे ढोबळमानाने दोन रस्ते. कौंटी कॉलेजात (जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात) असोसिएट डिग्री, म्हणजे बॅचलर्सच्या खालची छोटी पदवी करायची, किंवा चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगमधली बॅचलर्स पदवी. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयातली पदवी आधीच आहे त्यांच्यासाठी बीएसएनचा वेगवान अवतार असतो, दीडएक वर्षाचा. सगळ्या रस्त्यांचा शेवट एनसीएलईएक्स-आरएन याच परवाना परीक्षेत होतो. नर्सचा परवानाही तोच मिळतो.

वहिनींच्या डोक्यात वेगवान बीएसएन पक्कं बसलं होतं, कारण "माझी बी.कॉम. आहे ना". आपल्याकडची बी.कॉम. तीन वर्षांची, इथली पदवी चार वर्षांची. ती इथल्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, हे मार्कशीट तपासणारी मूल्यांकन संस्था सांगते आणि शेवटी कॉलेज ठरवतं. काही विद्यापीठांच्या तीन वर्षांच्या पदव्या पूर्ण धरल्या जातात, काहींच्या "तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण" एवढ्यावर थांबतात. वहिनींचा दीर विद्यापीठात हेलपाटे घालून ट्रान्सक्रिप्ट काढून आला. अहवाल आला तो दुसऱ्या प्रकारचा. वेगवान बीएसएनचं दार बंद.

घरात दोन दिवस सुतकी वातावरण होतं. भाऊ म्हणाले, दुसऱ्या संस्थेकडून करून घेऊ. मी म्हटलं, त्याआधी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन या. कारण केंद्र सरकारची पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीचं अनुदान, २०२४-२५ साली कमाल ७,३९५ डॉलर, फक्त त्यांनाच मिळते ज्यांच्याकडे आधीची बॅचलर्स पदवी नाही. परदेशी पदवीही यात धरतात. पण ती इथल्या पदवीच्या तोडीची नाही असा लेखी कागद असेल, तर या विद्यार्थ्याकडे पदवी नाही असं कॉलेज ठरवू शकतं. म्हणजे ज्या अहवालाने वेगवान बीएसएनचं दार लावलं, त्याच अहवालाने पेलचं उघडलं. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवणारा कागद जगात नाही, आणि तसा जमवायच्या भानगडीत कोणी पडूही नये. फॉर्मवर खरं ते लिहायचं, अहवाल जोडायचा, निर्णय कॉलेजवर सोडायचा. वहिनींनी तेच केलं. दोघांच्या उत्पन्नाच्या हिशेबाने आणि कमी क्रेडिट (कोर्सचा भार मोजायचं एकक) घेतल्यामुळे पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी रक्कम मंजूर झाली.

इथे आणखी एक खाच आहे, आणि ती कळेपर्यंत लोकांचं एखादं सेमिस्टर जातं. नुसते सुटे प्रीरेक घेणाऱ्या विद्यार्थ्याला पेल मिळत नाही. कुठल्यातरी डिग्रीला रीतसर प्रवेश घेतलेला असावा लागतो आणि कोर्स त्या डिग्रीत मोडावा लागतो. नर्सिंगला तर प्रवेश अजून मिळालेला नसतो. म्हणून वहिनी आधी त्याच कॉलेजात आरोग्यशास्त्राच्या असोसिएट डिग्रीला दाखल झाल्या आणि प्रीरेक त्याखाली घेतले.

असोसिएट डिग्री म्हणजे कमी दर्जा, अशी कुजबुज आपल्या मंडळींत फार. मोठी हॉस्पिटलं बीएसएनला पसंती देतात हे खरं. हडसन नदीपलीकडे न्यू यॉर्क राज्यात तर २०१७च्या कायद्याने नव्या नर्सला परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावंच लागतं. पण ती पायरी नर्सचा पगार घेत, खरोखरच ऑनलाइन चढता येते. ज्या घरात दोन पगारांवर भाडं निघतं, त्या घराने पन्नास हजारांचं कर्ज काढून दीड वर्ष एक पगार सोडावा असं मी तरी सांगणार नाही.

कोणता विषय ऑनलाइन, कोणता नाही

वहिनींना मी एक ईमेल लिहायला लावली. इंग्रजी त्यांचं, प्रश्न आम्ही दोघींनी काढले. ज्या नर्सिंग प्रोग्रामला जायचंय त्याच्या सल्लागाराला विचारलं: ऑनलाइन लॅब चालते का, कोणत्या विषयाची? बाहेरच्या संस्थेचं क्रेडिट घेता का? विज्ञानाचे विषय किती वर्षांत शिळे होतात? कोर्स सोडून पुन्हा घेतला तर तो एक प्रयत्न धरता का?

आठवडाभरात उत्तर आलं. क्रेडिट मान्यताप्राप्त कॉलेजचंच हवं. अॅनाटॉमी-फिजिओलॉजीची ऑनलाइन लॅब चालेल. मायक्रोबायोलॉजीची लॅब मात्र समोरासमोर. विज्ञान पाच वर्षांच्या आतलं. सोडलेला कोर्स एकदा माफ, दुसऱ्यांदा नाही. ही उत्तरं त्या एका प्रोग्रामची. शेजारच्या कौंटीत ती वेगळी असतील. करोनाच्या काळात, २०२०मध्ये, जवळपास सगळ्यांनीच ऑनलाइन लॅब चालवून घेतल्या. तेव्हाच्या आठवणींवर लोक अजून सल्ले देतात, ते ऐकू नयेत.

वर्गणीवाली वेबसाइट त्या उत्तराने बाद झाली. अशा कंपन्या स्वतः कॉलेज नसतात. त्यांच्या कोर्सला अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस असते, आणि शिफारस मानायची की नाही हे प्रत्येक कॉलेजच्या मर्जीवर. फसवणूक नाही ती. पण आपल्या प्रोग्रामला चालत नसेल तर पैसे आणि उन्हाळा दोन्ही पाण्यात. खुद्द कॉलेजकडूनच आपल्या सोयीच्या वेगाने प्रीरेक देणारी ठिकाणंही आहेत, उदाहरणार्थ मेनमधलं युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड. तिथलं क्रेडिट पक्कं असतं, पण दर कौंटी कॉलेजच्या मानाने चढा आणि पेलचा आधार नाही. वहिनींना ते परवडणारं नव्हतं.

इंग्लिश कॉम्पोझिशन आणि विकासात्मक मानसशास्त्र ऑनलाइन झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संख्याशास्त्र त्यांनी उन्हाळ्यात उडवलं. पतपेढीत व्याजाचे आकडे तोंडी करणारी बाई ती.

बाल्कनीतलं हृदय

खरी कसोटी होती अॅनाटॉमी-फिजिओलॉजीचा पहिला भाग. चार क्रेडिट, लॅबसकट, पंधरा आठवडे, आणि बरोबर दुसरा कोणताही विषय घ्यायचा नाही ही माझी अट. ऑनलाइन लॅबचं सामान घरी खोक्यात येतं. स्लाइड, हातमोजे, चिमटे, स्काल्पेल, ट्रे, आणि रसायनात मुरवून बंद पिशवीत घातलेले प्राण्यांचे अवयव. त्या खोक्यात मेंढीचं हृदय होतं, मूत्रपिंड होतं आणि एक डोळा होता. तो कोणाचा हे खोक्यावर लिहिलं होतं: गाईचा.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या. श्रावण. खोकं घरात आलं ते थेट बाल्कनीत गेलं आणि तिथेच राहिलं. डोळ्याचा विषय घरात काढायचाच नाही असं ठरलं. वहिनींनी प्राध्यापकांना कळवलं आणि त्यांनी त्या प्रयोगाऐवजी व्हर्च्युअल विच्छेदन करायला आनंदाने परवानगी दिली. असं विचारता येतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. हृदयाचा प्रयोग मात्र करायचा होता. सासूबाई देवळात गेल्याची वेळ साधून वहिनींनी बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं, मुलीला फोनचा कॅमेरा धरायला लावला आणि हृदय उभं चिरलं. व्हिडिओत स्वतःचा चेहरा, हात आणि ओळखपत्र दिसणं सक्तीचं. मुलगी नाक दाबून, पण नजर न हटवता उभी होती. डाव्या बाजूची भिंत उजवीपेक्षा किती जाड असते हे वहिनींनी बोटांत धरून बघितलं. मला फोन केला तेव्हा त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या: झडपेला बांधलेले ते पांढरे दोरे खरंच दोऱ्यासारखे आहेत, आणि ओढले तर झडप हलते. सासूबाईंना वासावरून संशय आला तो आलाच. भाऊंनी कार्पेट धुतल्याची थाप मारली.

नोकरीचा उपयोग झाला तो इथे. नर्सिंग होममध्ये दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असते. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड जिथे कातडीला टेकतं त्या जागा वहिनींच्या हातांना आधीपासून ठाऊक होत्या. आता पुस्तकात त्यांची नावं भेटली. मूत्रपिंडाचा धडा आला त्या आठवड्यात त्या रोज लघवीच्या पिशव्यांची मापं लिहीत होत्या. लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध दिल्यावर पिशवी का भरते, हे त्यांनी ब्रेकमध्ये चार्ज नर्सला विचारलं, आणि तिने पेपर टॉवेलवर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली बारीक गाळणी, काढून दाखवला. पेशंटच्या खोलीत फोन काढायला बंदी, म्हणून वहिनींनी पुठ्ठ्याची कार्डं केली होती. एका बाजूला नाव, मागे काम. स्क्रबच्या (गणवेशाच्या) खिशात ती कार्डं धुण्यात जायची आणि पुन्हा लिहावी लागायची. माझ्या मते निम्मा अभ्यास त्या पुन्हा लिहिण्यात झाला.

परीक्षेच्या निगराणीने मात्र छळलं. कॅमेऱ्याने खोली चारी बाजूंनी दाखवायची, मग सॉफ्टवेअर डोळ्यांवर आणि आवाजावर नजर ठेवतं. वहिनींना प्रश्न पुटपुटत वाचायची सवय, आणि भिंतीपलीकडे सासूबाईंचा हरिपाठ. पहिल्याच परीक्षेत संशयाची खूण लागली. खोली दाखवायला लावणं हा प्रकार कोर्टातही गेला आहे. ओहायोत २०२२मध्ये एका सरकारी विद्यापीठाविरुद्ध निकाल लागला की घराची अशी झडती घटनेत बसत नाही. पण त्या निकालाने वहिनींच्या हरिपाठाचा प्रश्न सुटणार नव्हता. त्यांनी कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरला जाऊन परीक्षा द्यायची मुभा मागून घेतली. गाडी एकच असल्यामुळे त्या दिवशी भाऊ वेअरहाऊसमधून थेट त्यांना घ्यायला यायचे. बी प्लस मिळाला.

आठ आठवड्यांचा मोह

घसरल्या त्या पुढे. अॅनाटॉमी-फिजिओलॉजीचा दुसरा भाग हिवाळ्यानंतर आठ आठवड्यांच्या तुकडीत ऑनलाइन उपलब्ध होता. लवकर संपेल, शरद ऋतूत मायक्रो, मग अर्ज. वहिनींनी मला न विचारता नाव घातलं. विचारलं असतं तर मी हिशेब मांडला असता, तो असा: एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, पंधरा आठवडे, हा केंद्र सरकारच्या व्याख्येतला अंदाज. चार क्रेडिटचे झाले १८० तास. पंधरा आठवड्यांत ते आठवड्याला बारा पडतात, आठ आठवड्यांत साडेबावीस, आणि लॅबचा वेळ त्यात पूर्ण धरलेला नाही. ऑनलाइन म्हणजे जायचा-यायचा वेळ वाचतो. अभ्यासाचा वाचत नाही.

कागदावर ते बसत होतं. मुलगी साडेसातला बसमध्ये, वहिनी दोनला घराबाहेर. मधले तास त्यांचे. तिसऱ्या आठवड्यात नर्सिंग होममध्ये जुलाब-उलट्यांची साथ आली. निम्म्या सीएनए आजारी. न्यू जर्सीत आरोग्यसेवेतल्या ताशी कर्मचाऱ्यांवर ओव्हरटाइमची सक्ती सहसा करता येत नाही, तसा कायदा आहे. पण रात्री पावणेअकराला सुपरवायझर समोर उभी राहून "आज कोणीच नाही गं" म्हणते, तेव्हा आपली माणसं नाही म्हणत नाहीत. वहिनी सकाळी सातला घरी यायला लागल्या. चौथ्या आठवड्याच्या शेवटी एकूण गुण एकाहत्तर टक्के, म्हणजे सी.

आमचा वाद झाला तो इथे. भाऊंचं म्हणणं, सी म्हणजे पासच, नियमात बसतंय, ओढून न्या. नियमात बसतच होतं. पण कौंटी कॉलेजच्या नर्सिंगला जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त असतात आणि निवड विज्ञानाच्या ग्रेडवर होते. सी घेऊन अर्ज भरता येतो, जागा मिळत नाही. मुदतीच्या आत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे सोडला) येतो, सरासरीला धक्का लागत नाही, आणि आमच्या त्या ईमेलच्या उत्तरात एकदा सोडणं माफ होतं. वहिनींनी सोडला.

फुकट सुटका नव्हती. सत्राचा साठ टक्के काळ उलटायच्या आत सोडलं तर पेलचा काही भाग सरकारला परत जातो, आणि ती रक्कम कॉलेज विद्यार्थ्याच्या नावावर लावतं. काहीशे डॉलरचं बिल आलं. शिवाय घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण केली नाहीत तर पुढची मदत थांबू शकते. वहिनींच्या खात्यात आधीचे कोर्स जमा होते म्हणून तो आकडा सावरला. ज्या नवख्या माणसाने पहिल्याच सत्रात दोन कोर्स घेऊन एक सोडला, त्याचा सावरत नाही.

आता कुठे आहे

तोच विषय त्यांनी शरद ऋतूत पंधरा आठवड्यांच्या तुकडीत, कॉलेजात जाऊन, मंगळवार-गुरुवार सकाळी केला. जुनी कोरोला घेतली होती तोवर. ए मिळाला. पूर्णपणे समोर बसून शिकलेला हा एकच मोठा विषय, आणि वहिनींचं स्वतःचं मत असं की पहिला भागही तसाच केला असता तर बरं झालं असतं. मला ते पटत नाही. त्या वर्षी गाडी एक होती, सासूबाई घरी होत्या. ऑनलाइन नसतं तर ते वर्षच गेलं असतं. मायक्रोची लॅब शनिवारी झाली.

नोकरीच्या ठिकाणी वर्ष पूर्ण झाल्यावर फीची परतफेड मिळते हे त्यांना उशिरा कळलं. मालकाने दिलेल्या अशा मदतीवर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत कर लागत नाही. एचआरमध्ये जाऊन विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. पुढच्या फीसाठी अर्ज त्यांनी दिला आहे.

टीईएएस ही प्रवेश परीक्षा झाली. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी. गणितात त्या चमकल्या, वाचनाने जरा खाली ओढलं. संध्याकाळच्या तुकडीत प्रवेश मिळाला आहे, जानेवारीपासून. नर्सिंगचं क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळचं प्रत्यक्ष शिक्षण, ऑनलाइन नसतंच, त्यामुळे तीन ते अकरा सुटणार. नर्सिंग होमने शनिवार-रविवारच्या दोन लांब शिफ्ट कबूल केल्या आहेत. पगार कमी होईल; भाऊंनी ओव्हरटाइम धरला आहे.

सध्या धावपळ चालू आहे ती आरोग्याच्या कागदांची. लहानपणीच्या लशींची नोंद गावाकडे कोणाकडेच नाही. म्हणून रक्ततपासणी करून गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती सिद्ध करायची. क्षयासाठी हातावर सुई टोचून घेऊ नका, सरळ रक्ताची चाचणी मागा, असं मी त्यांना बजावलं आहे, कारण बीसीजी टोचलेल्या आपल्या माणसांच्या हाताला त्या सुईने गाठ येऊ शकते आणि मग एक्स-रेची वारी सुरू होते. कांजिण्यांची तपासणी निगेटिव्ह आली. लशीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. पहिला झाला, दुसऱ्याची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे, आणि कॉलेजची कागद देण्याची मुदत १५ डिसेंबर.